एकोणतीस म्हणजे नेमके किती?

मावळातील भाजे गावाच्या वर, डोंगराच्या कातळात जी बावीस लेणी आहेत, त्यांतील पाण्याच्या एका टाक्यापाशी कोसिकीपुत्र विण्हुदत्त या महारठीने ते टाके दान दिल्याची नोंद ब्राह्मी लिपीत कोरलेली असून, टाक्यासाठी त्या लेखात ‘पोढी’ असा शब्द आला आहे. ब्राह्मी ही देवनागरीची पूर्वज लिपी होय, आणि व्यंजनाच्या चिन्हालाच स्वराची खूण चिकटवायची ही तिची युक्ती देवनागरीने जशीच्या तशी उचललेली आहे. त्यामुळे डोंगराखालच्या गावातले सहा वर्षांचे मूल पहिलीच्या वर्गात काना, वेलांटी आणि उकार यांच्याशी जी झटापट करते, तिचा उगम त्याच्या डोक्यावरच्या कातळात दोन हजार वर्षांपासून उघडा पडलेला आहे.

‘पहिली-दुसरीत असे काय मोठे शिकवायचे असते?’ हा प्रश्न मराठी घरांत सहज विचारला जातो, आणि त्यामागे हे शिक्षण सोपे असते असे गृहीत धरलेले असते. वस्तुतः सबंध शालेय आयुष्यातील सर्वांत अवघड उडी याच वर्षांत मारावी लागते, कारण तोवर बोलण्यातून आणि पाहण्यातून जग ओळखणाऱ्या मुलाला आता कागदावरच्या खुणांमधून ते ओळखायचे असते. पाच जुलै 2021 रोजी केंद्र सरकारने सुरू केलेल्या ‘निपुण भारत’ अभियानाचा भर याच उडीवर आहे. समजून वाचता येणे, आपल्या मनातले लिहिता येणे आणि संख्यांशी व्यवहार करता येणे या तीन गोष्टींना तेथे ‘पायाभूत साक्षरता व संख्याज्ञान’ असे नाव दिलेले असून, पहिलीअखेर 99 पर्यंतच्या, दुसरीअखेर 999 पर्यंतच्या व तिसरीअखेर 9999 पर्यंतच्या संख्या वाचता-लिहिता याव्यात आणि तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान 60 शब्द अर्थासह वाचावेत, अशी उद्दिष्टे ठरवण्यात आली आहेत. मिनिटाला किती शब्द हे मोजमाप काहीसे कारखानी वाटते हे खरे. पण त्यामागचा विचार असा की, अक्षर अक्षर जुळवत वाचणारे मूल वाक्याच्या शेवटी पोहोचेपर्यंत त्याची सुरुवात विसरून गेलेले असते.

मराठी वाचायला शिकण्यात एक मोठी सोय आहे आणि काही छुप्या अडचणी आहेत. सोय ही की, इंग्रजीप्रमाणे प्रत्येक शब्दाचे स्पेलिंग वेगळे पाठ करावे लागत नाही. बाराखडी हाती आली, की न ऐकलेला शब्दही बराचसा वाचता येतो. अडचणी मात्र मोठ्या माणसांच्या ध्यानातही येत नाहीत. ऱ्हस्व वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर येते, पण लिहिताना आधी काढावी लागते. ‘चार’ आणि ‘चारा’ या दोन शब्दांत च एकच असला तरी त्याचे उच्चार दोन आहेत, आणि कोणता कुठे हे लिपी सांगत नाही. ‘सूर्य’, ‘चक्र’, ‘ट्रक’ आणि ‘वाऱ्या’ या चार शब्दांत र चार वेगवेगळे पोशाख घालून येतो. म्हणूनच ‘बालभारती’ने, म्हणजे 1967 साली पुण्यात स्थापन झालेल्या राज्याच्या पाठ्यपुस्तक मंडळाने, पहिलीच्या पुस्तकात अ पासून ज्ञ पर्यंतची सारी मुळाक्षरे ओळीने घोटून घेण्याऐवजी थोडी थोडी अक्षरे घेऊन लगेच त्यांचे शब्द बनवण्याची वाट धरली. तक्ता पाठ असलेले मूल क दाखवल्यावर ‘कमळातला क’ म्हणते खरे, पण तोच क ‘चाक’मध्ये दिसला की अडखळते, कारण तक्ता येणे आणि वाचन येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

याला बोलीची आणखी एक पायरी जोडलेली असते. मावळात ठाकर आणि कातकरी वस्त्या आहेत, आणि कामाच्या शोधात दुसऱ्या मुलखांतून आलेली कुटुंबेही आहेत. त्यांच्या मुलांना शाळेत लिपीबरोबर पुस्तकातली मराठीही नव्याने शिकावी लागते. बोर्डी आणि नंतर कोसबाड येथे ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी जे बालशिक्षण उभे केले, त्यात मुलाच्या अंगणातल्या वस्तू हीच साधने मानलेली होती. पानाफुलांना आणि दगडगोट्यांना शाळेत जागा मिळाली, की मुलाच्या भाषेलाही आपोआप मिळते. तिसरी-चौथीत परिसर अभ्यास येतो तेव्हा हे अधिक सोपे व्हावे. चौथीच्या मुलांनी शिवाजी महाराजांचे चरित्र शिकण्याची महाराष्ट्रातील परंपरा जुनी आहे, आणि 1665 च्या पुरंदरच्या तहात मोगलांना द्याव्या लागलेल्या तेवीस किल्ल्यांपैकी लोहगड हा भाजे गावातून चढून जाण्याजोगा आहे.

परंतु मराठी माध्यमातल्या मुलाची खरी कसोटी अक्षरांपेक्षा अंकांत लागते, आणि तिचे मूळ गणितात नसून भाषेत आहे. ‘पंचवीस’ या शब्दात पाच आधी ऐकू येतात आणि वीस नंतर, तर लिहिताना 2 आधी आणि 5 नंतर. कानावर विसंबणारे मूल 52 लिहिते आणि चुकते, पण त्याच्या चुकीला तर्क असतो. दोन हा अंक ‘बावीस’मध्ये बा, ‘बेचाळीस’मध्ये बे आणि ‘ब्याण्णव’मध्ये ब्या होतो, साठचे ‘सष्ट’ आणि सत्तरचे ‘हत्तर’ होते. सर्वांत फसवी जात ‘एकोण’वाल्यांची आहे. संस्कृतात ऊन म्हणजे कमी, म्हणून एकोणतीस म्हणजे तिसाला एक कमी. मुलाच्या कानावर मात्र ‘तीस’ पडते, आणि ते 39 लिहून मोकळे होते. बरे, हा नियम एकोणनव्वदपर्यंत पाळला जातो आणि शंभराच्या उंबरठ्यावर अचानक ‘नव्याण्णव’ येऊन तो मोडतो! शेजारच्या कन्नडमध्ये पंचवीसला ‘इप्पत्तैदु’, म्हणजे वीस-पाच, म्हणतात आणि इंग्रजीतही विसाच्या पुढे हाच क्रम आहे. उलट जर्मन भाषेत मराठीसारखेच पाच आधी येतात, त्यामुळे तेथील मुलांनाही हीच उलटापालट सोसावी लागते.

2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘वीस दोन’ अशी संख्यावाचनाची पद्धत आली, तेव्हा महाराष्ट्रात गदारोळ उठला आणि त्याचे पडसाद विधानसभेतही उमटले. मंडळाच्या गणित समितीच्या अध्यक्ष, ज्येष्ठ गणितज्ञ मंगला नारळीकर यांनी, रूढ नावे रद्द झालेली नसून मुलांना संख्या उमजावी म्हणून नवी पद्धत सोबत दिल्याचे स्पष्ट केले. तरीही चर्चा भाषेच्या अस्मितेकडेच अधिक वळली. एकवीस, बावीस ही नावे मराठीचा ठेवा आहेत आणि ती टिकावीत, यात शंका नाही. मात्र ज्या मुलाला नाव पाठ आहे पण नावामागचे दशक-एकक ठाऊक नाही, त्याला वजाबाकीत हातचा कुठून येतो हे कधीच कळणार नाही, हा त्या पुस्तकामागचा मुद्दा गदारोळात हरवला. ‘दशक-एकक’ म्हणजे दहाचे गठ्ठे किती आणि सुटे किती, एवढेच; आणि अंकाची किंमत तो कोणत्या जागी बसला आहे त्यावरून ठरते, ही कल्पना माणसाला सुचायलाच हजारो वर्षे लागली, तर मुलाला दोन वर्षे लागल्यास नवल नाही.

जुन्या पंतोजीच्या शाळेत धुळपाटीवर अक्षरे गिरवत आणि संध्याकाळी उजळणी म्हणत मुले पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकीसुद्धा पाठ करीत. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. तेव्हाचा बाजार पावशेर आणि आण्यांचा होता, त्यामुळे त्या पाठांतराला रोजचा उपयोग होता. एक एप्रिल 1957 रोजी दशमान नाणी आली, पुढे किलो-लिटर आले, आणि ते पाढे मावळले. पाठांतर वाईट नव्हे. बाजारात उपयोगी पडत होते तोवर ते जिवंत राहिले.

भातलावणीच्या दिवसांत रोपांच्या मुठी बांधताना मोजणारे हात मावळातल्या घराघरांत असतात. घरातले मूल ‘एकोणतीस’ ऐकून 39 लिहील, तेव्हा त्याच्या पाटीवर फुली मारू नये. दहा-दहा काड्यांच्या तीन जुड्या त्याच्यापुढे ठेवाव्यात आणि त्यातली एक काडी त्यालाच काढून घ्यायला सांगावे.