पानगळीखालची ओल

फाल्गुनातली सकाळ. चिखलदऱ्याहून गाविलगडाच्या वाटेला आम्ही दोघं लागलो आहोत. खाली आमच्या दारव्ह्यात उन्हाचे चटके बसू लागलेत. इथे, सुमारे १,११८ मीटर उंचीवर, अंगावरची शाल काढवत नाही. एके काळी दारव्ह्याहून मूर्तिजापूर आणि तिथून या डोंगराच्या पायथ्याचं अचलपूर, असं शकुंतला रेल्वेच्या अरुंद रुळांवरून येता येई. आता ती गाडी बंद आहे. आम्ही एसटीनंच अमरावती, परतवाडा करत घाट चढून आलोय.

पायाखाली सागाची पानं पापडासारखी मोडतात. दोन्ही बाजूंना नुसते खराटे.

“अवो, हे तं सारं जंगल वाळलं!” मी म्हणते.

हे एका सागाच्या बुंध्याला हात लावून थांबतात. “वाळलं नाही वं. खर्च थांबवला त्यानं. पाऊस मिरगात. तोवर पानं ठेवली तं हाये तेवढंही पाणी उडून जाईन.”

मी वर पाहते. सागानं पानं टाकलीत, पण पळस त्याच उघड्या फांद्यांवर केशरी पेटलाय. काटेसावरीच्या लाल फुलांत पाखरांची भांडणं चाललीत. कुसुमाला पालवी फुटतेय, तीही तांबडीलाल. कुठून तरी तांबटाची टुकटुक एका लयीत येत राहते.

वाटेवर मच्छी तलाव लागतो. काठाच्या चिखलात चितळांचे खूर उमटलेत. हे भूगोल सांगू लागतात. या डोंगराच्या उत्तरेचं पाणी सिपनेतून तापीला जातं. दक्षिणेचं चंद्रभागेतून पूर्णेत आणि पूर्णाही पुढे तापीलाच मिळते. म्हणजे सारं अरबी समुद्राकडे. आपल्या दारव्ह्याचं पाणी मात्र अडाणातून पैनगंगेत, मग वर्धा, प्राणहिता, गोदावरी करत पूर्वेच्या समुद्रात. मी ओंजळभर पाणी तोंडावर मारते. चांगलंच गार आहे.

गडाचा दरवाजा समोर उभा राहतो. बहामनी अहमदशहानं पंधराव्या शतकात बांधून घेतलेला हा किल्ला १५ डिसेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या फौजेनं घेतला. आत तलावच तलाव. एवढ्या उंचीवर शिबंदी नांदली ती या पाण्यावर, आणि पाणी टिकलं ते भोवतीच्या रानावर. तटाच्या सावलीत मी पानांचा थर हातानं बाजूला सारते. वरची पानं कुरकुरीत, मधली मऊ, खालची काळी पडून मातीच होत चाललेली. त्या मातीला बोट लावते. ओल आहे! ह्यांचा हात धरून तिथेच टेकवते.

परतताना वाटेत वनमजूर जाळरेषा काढताना दिसतात. पानं, गवत ओढून जमिनीचा एक पट्टा मोकळा करायचा, म्हणजे वणवा आला तरी तिथेच अडतो. १५ फेब्रुवारी ते १५ जून हे आगीचे दिवस. त्यांच्यातला एक कोरकू म्हातारा मोहाच्या झाडाकडे बोट दाखवतो. फुलं गळू लागली की ती नीट दिसावीत म्हणून कुणी खालचा पाला पेटवतं, वारा सुटतो आणि आग पार डोंगर चढते. त्यापेक्षा झाडाखाली झाडून घ्यावं, नाही तर जुनं लुगडं अंथरावं, तो सांगतो. त्याच्या हातातला खराटा बोलतानाही थांबत नाही.

हे पटका सावरून त्याच्या शेजारी उभे राहतात, ओढलेल्या पाल्याकडे बघत.

“वावरातल्या धुऱ्याचं गवत यंदा पेटवायचं नाही,” ते म्हणतात.

“आणि शेजारच्या धुऱ्याची आग आली तं?”

“आपल्या बाजूनं असाच पट्टा काढू. दोघं लागलो तं दोन दिवसांचं काम.”

“खालच्या अंगापासून सुरू करू,” मी म्हणते. “माती तिकूनच वाहून जाते.”