अंगावरचें दूध आणि वरचें दूध

रायगडावरील हिरकणी बुरुजाची कथा महाराष्ट्रांतील मुलें शाळेंत जाण्यापूर्वींच ऐकतात. गडावर दूध विकावयास गेलेली एक गवळण सायंकाळीं दरवाजे बंद झाल्यामुळें अडकली, आणि घरीं भुकेलेल्या तान्ह्या बाळाच्या ओढीनें अवघड कडा उतरून रात्रींच खालीं गेली, अशी ती आख्यायिका आहे. तिच्या जोडीला आणखी एक आठवण ठेवण्यासारखी आहे. १६५७ सालीं पुरंदरावर संभाजीराजांचा जन्म झाला, त्या वेळीं सईबाईंची प्रकृति बरी नव्हती. तेव्हां कापूरहोळ गांवच्या धाराऊ गाडे यांनीं राजपुत्रास आपलें दूध पाजलें, असें परंपरा सांगते. हिरकणीचें नांव बुरुजास मिळालें, धाराऊचें नांव इतिहासांत राहिलें. आणि सईबाईंनीं स्वतः पाजलें नाहीं म्हणून त्यांच्या मातृत्वास कोणी कमी लेखलें नाहीं. तान्ह्या जिवाचें पोट भरणें ही गोष्ट मुख्य, तें कोणत्या मार्गानें भरलें ही त्यानंतरची, असा समंजसपणा या दोन आठवणी शेजारीं शेजारीं ठेवल्या म्हणजे दिसून येतो.

आजच्या शहरांतील बाळंतिणीच्या खोलींत मात्र हा समंजसपणा नेहमींच आढळतो असें नाहीं. बाळ पाहावयास आलेल्या आत्याबाई टोपडें-झबलें पलंगावर ठेवतात, बाळावरून बोटें मोडतात, आणि लगेच विचारतात, “काय ग, अंगावर पुरतें ना?” प्रश्न साधा असतो, पण उशाशीं भुकटीचा डबा दिसला, कीं पुढचें वाक्य ठरलेलें असतें: “आमच्या वेळीं नव्हतीं हो असलीं थेरें!” उलट एखादी आई बाळ वर्षाचें झाल्यावरही अंगावर पाजीत असेल, तर दुसरी कोणी म्हणते, “अजून किती दिवस ही संवय?” म्हणजे पाजलें तरी बोल, न पाजलें तरी बोल! पंधरा दिवसांच्या बाळंतिणीच्या मनावर या बोलांचा जो भार पडतो, त्याचा हिशेब सहसा कोणी ठेवीत नाहीं.

या प्रश्नाचा विचार दोन भागांत केला पाहिजे. शास्त्रास काय ठाऊक आहे हा एक भाग, आणि तें ज्ञान आईपुढें कसें ठेवावें हा दुसरा. पहिल्या भागांत भीड नको; दुसऱ्या भागांत न्यायासन नको.

आईचें दूध हें मानवी बालकासाठींच घडलेलें अन्न आहे. गाईच्या दुधांत प्रथिनांचें प्रमाण शेंकडा ३ हून अधिक असतें, तर आईच्या दुधांत तें शेंकडा १ च्या आसपास. दुग्धशर्करा मात्र आईच्या दुधांत अधिक, म्हणजे शेंकडा सुमारें ७ असते. पहिल्या दोन-तीन दिवसांत येणारा दाट, पिवळसर चीक थोडा असतो. पण नवजात बालकाचें पोटही तेवढेंच लहान असतें, आणि त्या चिकांत रोगप्रतिकारक द्रव्यें विपुल असतात. हा चीक पिळून टाकून बाळास मध चाटविण्याची चाल पूर्वीं अनेक घरांत होती. ती चुकीची होती हें आतां निश्चित झालें आहे.

दूध तयार होण्याची रीतही समजून घेण्यासारखी आहे. बाळ ओढूं लागलें, कीं आईच्या मेंदूच्या तळाशीं असलेल्या पिट्युइटरी ग्रंथींतून दोन स्राव रक्तांत येतात. त्यांपैकीं प्रोलॅक्टिन दूध तयार करवितें आणि ऑक्सिटोसिन तें वाहतें करतें. जितकें दूध निघतें, तितकें नवें तयार होतें. म्हणून आरंभीं वारंवार पाजणें हितकर ठरतें. वेदना, भीति व चिंता यांनीं दूध उतरण्यास अडथळा येतो, हेंही तितकेंच खरें आहे. तेव्हां बाळंतिणीस घालून पाडून बोलल्यानें दूध वाढत नाहीं; परिणाम झालाच, तर उलटा होतो.

जन्मानंतर पहिल्या तासांत पाजण्यास आरंभ करावा, पहिले सहा महिने केवळ आईचेंच दूध द्यावें, आणि पुढें पूरक अन्नाबरोबर दोन वर्षें किंवा त्याहून अधिक काळ तें चालू ठेवावें, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. तिला आधार आहे. अंगावरच्या दुधानें बालकांतील जुलाबाचे व श्वसनमार्गाचे विकार कमी होतात, आणि पाजणाऱ्या आईस स्तनांच्या व बीजकोशांच्या कर्करोगाचा धोका कमी राहतो. जेथें पिण्याचें पाणी भरंवशाचें नाहीं, तेथें तर हा फरक जीवनमरणाचा ठरतो. परंतु लाभ सांगतांना त्याचें मापही खरें सांगितलें पाहिजे. बेलारूस देशांत १९९६-९७ सालीं सुरू झालेल्या एका मोठ्या प्रयोगांत ३१ प्रसूतिगृहांतील सुमारें १७,००० माता व त्यांचीं बालकें सामील झालीं होतीं. ज्या गटास स्तनपानासाठीं विशेष साहाय्य मिळालें, त्या गटांतील बालकांत पहिल्या वर्षीं पोटाचे संसर्ग व इसब यांचें प्रमाण कमी आढळलें. मात्र मुलें मोठीं झाल्यावर लठ्ठपणापासून त्यांस संरक्षण मिळाल्याचें दिसलें नाहीं. तात्पर्य, फायदा खरा आहे आणि तो प्रत्येक आईस कळला पाहिजे; पण डब्याच्या दुधावर वाढलेलें मूल सर्वच बाबतींत मागें पडणार, असें भय दाखविणें शास्त्रास धरून नाहीं.

मग डब्याविषयीं एवढा कडवटपणा कोठून आला? त्यास इतिहास आहे. १८६० नंतरच्या दशकांत जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग व स्वित्झर्लंडमधील हेन्री नेस्ले यांनीं, आईचें दूध ज्यांस मिळत नव्हतें अशा बालकांसाठीं, कृत्रिम अन्नें तयार केलीं. पुढें त्या गरजेचा बाजार झाला. ज्यांस आईचें दूध मिळत होतें, त्यांच्या घरींही जाहिरातींच्या बळावर डबे पोंचूं लागले. आणि अस्वच्छ पाण्यांत, अर्धवट मापानें कालवलेल्या दुधानें बालकें दगावूं लागलीं. डॉ. सिसिली विल्यम्स यांनीं १९३९ सालीं सिंगापूरच्या रोटरी क्लबांत या प्रकाराविरुद्ध जें भाषण केलें, त्याचें शीर्षकच ‘दूध आणि खून’ असें होतें. अखेर १९८१ सालीं जागतिक आरोग्य परिषदेनें अशा पदार्थांच्या विक्रीविषयीं आंतरराष्ट्रीय आचारसंहिता मंजूर केली. भारतानें १९९२ सालीं त्यासाठीं कायदा केला व २००३ सालीं तो अधिक कडक केला. बालदुधाची जाहिरात करणें, मातांस फुकट नमुने वाटणें, डब्यावर गुटगुटीत बाळाचें चित्र छापणें, या गोष्टींस त्यानें बंदी केली.

या कायद्याचा रोख विक्रेत्यावर आहे, आईवर नाहीं, ही गोष्ट सुशिक्षितांनींही विसरूं नये. व्यापाऱ्याच्या लोभाची शिक्षा त्या बाळंतिणीस देण्याचें कांहीं कारण नाहीं. डबा विकत घेणें हा गुन्हा नव्हे, आणि तो कां घेतला याचा जबाब प्रत्येक पाहुण्यापुढें देणें हें आईचें कर्तव्यही नव्हे.

कारणें तर नाना प्रकारचीं असतात. क्वचित् कोणास खरोखरच दूध पुरेसें येत नाहीं. कोणाची पूर्वीं स्तनांवर शस्त्रक्रिया झालेली असते. कोणास कर्करोगावरील कांहीं औषधांसारखीं बाळास बाधतील अशीं औषधें घ्यावीं लागतात. गॅलॅक्टोसीमिया नांवाच्या दुर्मिळ विकारांत तर बालकासच आईचें दूध चालत नाहीं. कोणी बाळ दत्तक घेतलेलें असतें. कोणाच्या मनास बाळंतपणानंतर उदासीनतेनें घेरलेलें असतें, आणि रात्रीची चार तासांची सलग झोप हेंच तिचें औषध असतें. आणि कोणी सर्व गोष्टी जाणून, विचार करून, आपल्या देहाविषयीं आपलाच निर्णय घेते. यांतील कोणतें कारण पुरेसें व कोणतें अपुरें, हें ठरविणारें पंचायतमंडळ शेजाऱ्यापाजाऱ्यांतून नेमलेलें नाहीं.

शिवाय पुष्कळदां निवड आईच्या हातीं असतेच असें नाहीं. हिरकणीला कडा उतरावा लागला, तो दरवाजा बंद झाल्यामुळें. तिच्या धैर्याची स्तुति करतांना दरवाजाच्या वेळेचा विचार मागें पडतो. आजच्या नोकरी करणाऱ्या आईपुढेंही असाच दरवाजा असतो. १९६१ च्या प्रसूतिलाभ कायद्यांत २०१७ सालीं सुधारणा होऊन पहिल्या दोन अपत्यांपर्यंत पगारी रजा २६ आठवड्यांची झाली, आणि पन्नास किंवा अधिक नोकर असलेल्या ठिकाणीं पाळणाघर असावें, आईस दिवसांतून चार वेळां तेथें जातां यावें, अशी तरतूद झाली. पण घरकाम, शिवणकाम, बांधकाम, भाजीविक्री यांवर पोट असलेल्या असंख्य स्त्रियांस अशी पगारी रजा मिळत नाहीं. ज्या घरांतील मोलकरीण बाळंतपणानंतर महिन्याभरांत कामावर येते, त्या घरच्या मंडळींनीं तिच्या बाळाच्या बाटलीबद्दल नाक मुरडण्यापूर्वीं तिच्या रजेचा विचार करणें बरें.

तेव्हां कुटुंबानें करावें काय? आईला पाजावयाचें असेल, तर तिला स्तुतीपेक्षां हात हवे असतात. बाळाच्या तोंडांत केवळ अग्र न जातां भोंवतालचा काळसर भागही पुष्कळसा गेला पाहिजे. तसें होत नसेल, तर पाजतांना दुखतें. अशा वेळीं अनुभवी परिचारिका किंवा डॉक्टर यांची मदत पहिल्या दोन-चार दिवसांतच घ्यावी. दूध पुरतें कीं नाहीं, हें बाळाच्या रडण्यावरून ठरवूं नये. पांचव्या-सहाव्या दिवसापासून दिवसाकांठीं सहा किंवा अधिक लंगोट ओले होत असतील आणि सुमारें दोन आठवड्यांत जन्माचें वजन भरून निघालें असेल, तर चिंतेचें कारण नसतें. अळिवाची खीर व डिंकाचे लाडू मायेनें द्यावेत; पण घरांतील पुरुषानें रात्रीं बाळाचे लंगोट बदलले व सकाळीं चहा करून दिला, तर त्याचाही गुण कमी येत नाहीं.

आईनें डब्याचें दूध निवडलें असेल, तर तें नीट तयार करण्याची माहिती तिला तितक्याच आपुलकीनें मिळाली पाहिजे. भुकटी जंतुरहित नसते. म्हणून पाणी उकळावें, आणि तें निदान ७० अंश सेल्सिअस उष्ण असतांनाच, म्हणजे उकळल्यानंतर अर्ध्या तासाच्या आंत, त्यांत भुकटी मिसळावी. मग कोंवट होईपर्यंत निववून पाजावें. माप डब्यांतलेंच, सपाट भरलेलें असावें. काटकसरीनें पातळ केलेल्या दुधानें बाळ उपाशी राहतें, आणि घट्ट केलेलें दूध त्याच्या मूत्रपिंडांस जड जातें. तयार दूध दोन तासांच्या आंत वापरावें व उष्टें उरलेलें टाकून द्यावें. बाटलीपेक्षां वाटी-चमचा किंवा बोंडलें धुण्यास सोपें पडतें. पाजतांना बाळास छातीशीं धरावें. मायेची ऊब दुधाच्या प्रकारावर अवलंबून नाहीं. थोडें अंगावरचें व थोडें वरचें, असा मधला मार्गही पुष्कळ घरांत चालतो, आणि जेवढें अंगावरचें दूध मिळेल तेवढ्याचा बाळास उपयोगच होतो.

अपुऱ्या दिवसांच्या व अशक्त बालकांसाठीं धाराऊची परंपरा आज नव्या रूपांत चालू आहे. मुंबईंतील शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयांत १९८९ सालीं डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकारानें आशियांतील पहिली मातृदुग्धपेढी स्थापन झाली. अशा पेढींत दात्या मातांचें दूध तपासून, उष्णतेनें निर्जंतुक करून ठेवतात, आणि ज्या बालकांस आपल्या आईचें दूध मिळूं शकत नाहीं त्यांस तें देतात.

दोष न देणें म्हणजे गप्प बसणें, असाही अर्थ कोणी करूं नये. सहा महिन्यांच्या आंतील बाळास डब्याच्या दुधाऐवजीं पाणी घातलेलें गाईचें किंवा म्हशीचें दूध दिलें जात असेल, वर्षाच्या आंत मध चाटविला जात असेल, बाळाचें वजन वाढत नसेल, किंवा आई कित्येक दिवस उदास, झोपेवांचून व बाळाविषयीं उदासीन असेल, तर स्पष्ट बोलून डॉक्टरांकडे नेलेंच पाहिजे. बाळाच्या किंवा आईच्या जिवाची काळजी असेल, तर बोलणें ती काळजी दूर करण्यापुरतेंच असावें. आईच्या लायकीविषयींचा निकाल त्यांत मिसळूं नये.

म्हणून बाळ पाहावयास जाणाऱ्यांनीं पहिला प्रश्न थोडा बदलावा. “अंगावर पुरतें ना?” याऐवजीं “तूं जेवलीस का? झोप मिळते का? बाळाला घटकाभर मी घेऊं का?” एवढें विचारलें, तरी पुष्कळ झालें. मग तिला सांगावेंसें वाटलें, तर बाकीचें ती आपण होऊन सांगेल.