प्रोटीन स्किमर : निवड आणि जुळणी

प्रोटीन स्किमर हे खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीतले पाणी बुडबुड्यांनी स्वच्छ करणारे उपकरण. खाऱ्या पाण्यात हवेचे बुडबुडे बारीक राहतात. विष्ठा आणि उरलेल्या खाद्यातून विरघळलेले सेंद्रिय पदार्थ त्यांना चिकटतात व कुजून अमोनिया होण्याआधीच फेसाबरोबर वरच्या कपात जमतात.

निवड : पाण्याचे लिटर आणि माशांची संख्या, दोन्ही पाहावे. मासे मोजके असताना फार मोठा स्किमर घेतल्यास फेस टिकत नाही. खालच्या संपमधली (मुख्य टाकीला जोडलेल्या खालच्या टाकीतली) जागा व पाण्याची खोलीही मोजावी.

जुळणी : नवा स्किमर स्थिरावण्यास एक-दोन आठवडे लागू शकतात. स्किमरमधील पाण्याची पातळी मानेच्या (कपाखालच्या अरुंद नळीच्या) तळाशी ठेवून ती बदलणारा व्हॉल्व्ह किंचितच फिरवावा आणि दिवसभर थांबावे. कपात फिकट पाणी जमल्यास पातळी उतरवावी. घट्ट काळपट थर मानेतच अडकल्यास चढवावी. मानेवरचा तेलकट थर फेस मोडतो, म्हणून तो वरचेवर पुसावा.