नऊवारीचं माप

नेसायच्या नऊवारीला माप लागत नाही. 9 वार म्हणजे जवळजवळ सव्वाआठ मीटर कापड. कंबर 28 इंच असो की 40, फरक निऱ्यांत जिरतो. आजीचं लुगडं नात नेसू शकते ते त्यामुळंच. शिवलेल्या नऊवारीत मात्र ही सोय उरत नाही. निऱ्या पक्क्या, काष्टा पक्का. मग माप चोखच हवं.

शास्त्री नदीच्या मुखावरच्या जयगडसारख्या बंदराच्या गावात आता हे माप पुष्कळदा फोनवरून कळवलं जातं. गौरी-गणपती जवळ आले, की पुण्या-मुंबईतल्या नातेवाइकांना निरोप जातो: कंबर इतकी, उंची इतकी. गोंधळ इथंच होतो. जीन्सची कंबर नाभीच्या बरीच खाली, नऊवारीची नाभीपाशी. पँटचा आकडा सांगितला, तर साडी कमरेवरून घसरते आणि निऱ्या जमिनीला लागतात.

स्कॉटलंडच्या किल्टचीही हीच गत. पुरुषाच्या पारंपरिक किल्टला साधारण 8 वार कापड लागतं. चुण्या मागं, पुढची बाजू सपाट. तोही पँटपेक्षा वर, नाभीच्या आसपास बांधतात, त्यामुळं पँटचा नंबर तिथंही फसवतो. कंबर, सीटचा सगळ्यात रुंद भाग आणि गुडघ्याच्या मध्यापर्यंतची उंची, ही त्याची तीन मुख्य मापं. टेप दुसऱ्यानं धरायचा. स्वतः वाकून आकडा वाचायला गेलं, की उंची बदलते.

नऊवारीला चौथं माप लागतं: आसन. पुढच्या कमरेपासून पायांमधून मागच्या कमरेपर्यंत टेप न्यायचा, तोही ताणून नव्हे. टेपखाली दोन बोटं सहज सरकली पाहिजेत. नुसतं उभं राहून माप बरोबर आलं, म्हणजे झालं असं नाही. उकिडवं बसून पाहायचं, एक पाय पायरीवर ठेवून पाहायचं. फुगडीला गुडघे वाकले की सगळा ताण काष्ट्याच्या शिवणीवर येतो. आसन इंचभर तोकडं असेल, तर भर अंगणात शिवण उसवते.

उंची मात्र साडीच्या प्रकारावर ठरते. ब्राह्मणी नऊवारी घोट्यापर्यंत येते. कोळी पद्धतीचं लुगडं बरंच वर, गुडघ्यांच्या आसपास, कारण ते घोटाभर पाण्यात उभं राहून मासळी उतरवणाऱ्या बायकांचं आहे. लावणीची नऊवारी पुन्हा घोट्याशी, आणि घुंगरांसाठी जरा वर. तीच बाई, तीच कंबर, आणि उंचीत वीतभराहून जास्त फरक.

कंबर थोडी चुकली तर नाडी किंवा हुकांची दुसरी ओळ सांभाळून घेते, किल्टला पट्टे आणि बकलं असतात तसंच. उंची दुमडून कमी करता येते. आसन वाढवायचं, तर शिंप्यानं आत मार्जिन सोडलेलं हवं. म्हणून कापड टाकतानाच सांगून ठेवायचं: कोळी की ब्राह्मणी, आणि आसनाला दोन इंच आत दाबून ठेवा.