पानावरचे वाटे

गटारीच्या सुमाराला शहापूर-मुरबाडकडं बोकडांचा तोटा नसतो, तोटा असतो खाटकांचा. आषाढ अमावस्या 2024 साली 4 ऑगस्टला, ऐन रविवारी आली. 2025 साली ती 24 जुलैला गुरुवारी पडली, तेव्हा गुरुवार पाळणाऱ्यांना बुधवार नाहीतर आधीचा रविवार धरावा लागला. वार कुठलाही असो, अमावस्या सरली की श्रावण लागतो आणि निदान महिनाभर, काही घरांत थेट नवरात्र उठेपर्यंत, चुलीवर मटण चढत नाही. म्हणजे अख्ख्या तालुक्याला मटण हवं ते एकाच सकाळी. त्यात माळशेजचा पाऊस बघायला निघालेल्या आणि कल्याण-ठाण्याहून फार्महाऊसवर उतरलेल्या गाड्यांची भर. बाजारपेठेतल्या दुकानांपुढं उजाडायच्या आत रांग लागते.

अशा दिवशी पाड्यावरचा कुणी आपला बोकड दुकानात घेऊन गेला आणि म्हणाला, एवढा कापून दे, मजुरी घे, तर खाटीक मान वर न करता सांगतो, "दादा, आज दुसऱ्याचं नाय घेत. परवा आण." परवा श्रावण!

मग बोकड घरी परत येतो आणि पडवीत कापला जातो. बरेच जण तर आता दुकानाकडं फिरकतही नाहीत. किन्हवली ते सरळगाव या पट्ट्यातल्या एका पाड्यावर हे काम मी सुरुवातीपासून पानं उचलेपर्यंत बघत बसलो. कापण्याचं कसब बघावं म्हणून गेलो होतो. ते होतंच, पण खरी अक्कल लागत होती ती पुढं, वाटे घालताना.

बोकडच का, हे आधी सांगायला हवं. इथला शेतकरी मूळचा बैलवाला. पौष पौर्णिमेची म्हसाची जत्रा, खांबलिंगेश्वराची, बैलांच्या बाजारासाठी लांबलांबपर्यंत नावाजलेली. राज्याच्या 1976च्या कायद्यानं गाय कापायला बंदी होती, पण बैल कामातून गेल्याचा दाखला मिळाला तर तो कापता येई. 4 मार्च 2015 पासून लागू झालेल्या दुरुस्तीनं वळू आणि बैलही बंदीत आले. शिक्षा पाच वर्षांपर्यंत, दंड दहा हजारांपर्यंत. म्हशीला दाखल्यासह मुभा राहिली. या कायद्याच्या दोन्ही बाजूंनी पुष्कळ लिहून झालंय, ते इथं नको. पाड्यावर दिसतं ते एवढंच, की थकलेल्या बैलाचे पैसे होत नाहीत आणि भाड्यानं ट्रॅक्टर मिळत असेल तर नवी जोडी घेताना माणूस दहादा विचार करतो. शेळीचं तसं नाही. ती पाच महिन्यांत विते, पुष्कळदा जुळं देते, बांधावरचा पाला खाऊन जगते आणि तिचा बोकड वर्षभरात विकण्याजोगा होतो. दवाखाना, शाळेचा खर्च, आवणीची मजुरी, काहीही अडलं की दाव्याचा बोकड सुटतो.

तो विकायचा कुणाला, हा पुढचा प्रश्न. दारावर येणारा व्यापारी बोकडाच्या पाठीवर, माकडहाडापाशी दोन बोटं दाबतो, पुढचे पाय धरून उचलून बघतो आणि अंदाजानं आकडा टाकतो. समजा, बोकड तीस किलोचा आहे. निम्म्याला थोडं कमी मटण धरायचं, म्हणजे चौदा किलो. कलेजी, फोपसं वगैरे मिळवून पंधराच्या घरात. व्यापारी त्याचे साडेसात-आठ हजार सांगणार. तेच मटण दुकानात किलोला साडेसातशेनं जातं. पाड्यावर त्याचे बारा वाटे घातले आणि वाटा आठशेला लावला, तर मालकाला नऊ हजार सहाशे मिळतात आणि घेणाऱ्याला सव्वा किलोच्या आसपास मटण, दुकानापेक्षा शंभर-सव्वाशे रुपये कमी देऊन. दोघांचाही फायदा आहे, आणि रांगेत उभं राहायचं नाही.

वाटेकरी मात्र आधी ठरतात. बोकड अजून पाला खात असतानाच बारा नावं पक्की होतात. बारावं नाव मिळेपर्यंत सुरी निघत नाही, कारण कापल्यावर उरलेलं मटण ठेवायचं कुठं? अमेरिकेत 2020 साली करोनात मोठे कत्तलखाने बंद पडले, छोट्या खाटकांकडं वर्ष-वर्ष नंबर लागेना आणि थोडी गुरं पाळणारे शेतकरी अडकले. त्याच वर्षी वायोमिंग राज्यानं कायदा सुधारून जनावर जिवंत असतानाच त्यातले हिस्से गिऱ्हाइकांना विकायची मोकळीक दिली. तिथं त्यासाठी विधिमंडळात विधेयक आणावं लागलं. इथं पाड्यावर ते आजोबा-पणजोबांपासून चालू आहे, आणि त्याला कुणी कायदा म्हणत नाही की व्यवसायही.

आदल्या संध्याकाळपासून बोकडाचा चारा बंद होता, पाणी मात्र पुढ्यात होतं. पोट भरलेलं असलं की काढताना फुटायची भीती, आणि फुटलं की सगळं मटण वास मारतं. पाणी प्यायलेल्या जनावराचं कातडंही सहज सुटतं. नवसाचा बोकड असता तर डोक्यावर पाणी शिंपडून तो अंग झाडेपर्यंत थांबले असते. अंग झाडलं म्हणजे देवानं मान्य केलं. हा नवसाचा नव्हता. देशावरच्या गावगाड्यात मान कापायचं काम मुलाण्याकडं असे. इथं ज्याचा हात बसलाय तो करतो. पन्नाशीचा एक गडी होता, सगळे त्याला काका म्हणत. त्यानं सुरी दगडावर घासली, अंगठ्याच्या नखावर धार पाहिली आणि पोरांना लांब व्हायला सांगितलं. मानेखाली परातीत चिमूटभर मीठ टाकून ठेवलं होतं. रक्त त्यात धरलं, थोड्या वेळानं ते थिजलं. कांद्यावर परतून त्याची रक्ती होते आणि ती दुपारच्या आधीच संपते.

बोकड मागच्या पायांनी पडवीच्या वाशाला टांगला. खुरांच्या वर कातड्याला गोल चीर, मांडीच्या आतून एक उभी चीर, आणि मग काकानं सुरी दातात धरली. पुढं सगळं मुठीचं काम. कातडं आणि मटण यांच्या मध्ये मूठ घालून तो ढकलत खाली येत गेला, मधला पांढरा पडदा सुटत गेला. सुरी लावली तर कातड्याला भोक पडतं नाहीतर मटणाला चीर. डावा हात फक्त केसांच्या बाजूला, उजवा फक्त मटणाला. हातांची अदलाबदल त्यानं एकदाही केली नाही. मदतीच्या पोरानं केसाळ हात रानेला, म्हणजे मागच्या मांडीला लावला तेव्हा मात्र ओरडला, "केस लागलं त्याला! धू आधी." मटणाला जो उग्र वास येतो म्हणून लोक नाक मुरडतात, त्यातला बराचसा या हातानं लागलेला असतो. बाकीचा वयात आलेल्या, खच्ची न केलेल्या बोकडाचा.

पोट उघडताना सुरीची धार बाहेरच्या बाजूला आणि पात्यामागं दोन बोटं आत, म्हणजे टोक आतड्याला लागत नाही. अन्ननलिका दोरीनं बांधलेली. सगळा गोळा घमेल्यात उतरला. पित्ताची पिशवी काकानं नुसती ओढली नाही, तिच्यालगतचा कलेजीचा लहान तुकडा तिच्यासकट कापून बाजूला टाकला. तेवढी कलेजी गेली तरी चालेल, ती पिशवी फुटता कामा नये.

इथपर्यंत तासभरही गेला नसेल. पुरुषांनी हात धुतले, चहा आला. घमेलं उचलून बायका मागच्या अंगाला गेल्या, तिथं पागोळ्यांखाली वजडी धुवायचं काम सुरू झालं. आतडी उलटी करून पाण्याखाली धरायची, पोतडं गरम पाण्यात बुडवून त्याचा काळा पापुद्रा सुरीच्या पाठीनं खरवडायचा, पुन्हा धुवायचं, पुन्हा खरवडायचं. बोकड कापण्याच्या गप्पा पुढं वर्षभर चालतात. वजडीची गोष्ट सांगताना मी कुणाला ऐकलेलं नाही, आणि सगळ्यात जास्त वेळ तिलाच लागला.

आता वाटे. पडवी धुऊन तिच्यावर सागाची पानं मांडली, सहा-सहाच्या दोन ओळी. आषाढात सागाचं पान सुपाएवढं असतं, पैसे पडत नाहीत आणि गळत नाही. चिंचेच्या ओंडक्यावर सत्तूर चालू झाला. काकानं सगळं एकदम तोडून ढीग केला नाही. आधी एक रान तोडली आणि तिच्या बोट्या बाराही पानांवर फिरवल्या. मग दुसरी रान. मग खांदे, मग बरगड्या, मग सीना, मान, शेवटी गुर्दे आणि चरबी. प्रत्येक भाग स्वतंत्र फिरला, म्हणजे कुणाच्या पानावर नुसती मान आणि कुणाकडं नुसती रान असं होत नाही. कलेजी सत्तुरानं नाही, सुरीनं कापली, बारा सारखे काप.

बारा पानं भरल्यावर काका उठून मागं झाला आणि बाकीचे पुढं सरकले. कुणी हात लावत नव्हतं, नुसते बघत होते. एक आजी भिंतीला टेकून बसली होती, तिनं हनुवटीनं दाखवलं, "त्या कडंच्या पानावर नळी नाय." एक नळी तिकडं सरकली, तिथून दोन बोट्या परत आल्या. मग कॉलेजात जाणाऱ्या एका पोरानं आकड्याचा काटा आणला आणि पानं पिशवीत घालून तोलली. सगळ्यात जड आणि सगळ्यात हलक्या पानात एखाद्या बोटीचा फरक निघाला. पोरगं खूश झालं. आजी नाही झाली. "काट्याला हाड नि मटण सारकंच," ती म्हणाली.

तिचं म्हणणं खरं आहे. दुकानात आपण वजन विकत घेतो आणि त्यात किती हाड, किती चरबी हे खाटकाच्या मर्जीवर सोडतो. ओळखीच्या गिऱ्हाइकाला रान, नवख्याला मान. पाड्यावर ते चालत नाही, कारण कापणाऱ्यालाच ठाऊक नसतं की कुठलं पान कुणाचं. शेवटी एका लहान पोराला पाठमोरं उभं केलं. काका एका पानावर बोट ठेवून विचारी, "हा कुणाचा?" पोरगं न बघता बारातलं एक नाव घेई. ते नाव त्या पानाला लागलं, तक्रारीला जागा नाही. हा आपला, हा परका असं करायची संधीच काकाला नव्हती, म्हणून तर तो एकेका नळीसाठी एवढा जपत होता. पोलंडचे गणिती ह्यूगो स्टाइनहाउस यांनी 1948 साली न्याय्य वाटणीचा प्रश्न गणितात मांडला, त्यांच्यापुढं केक होता. केकमध्ये नळी नसते.

मुंडी मालकाची. पाय एका घरी बाळंतीण होती तिकडं गेले, त्यावर चर्चा झाली नाही. वजडी धुणाऱ्या बायकांनी आपापसांत वाटून घेतली.

या सगळ्यात मला खटकलं ते एकच, आणि ते लहान नाही. मटण तपासणारं कुणी नसतं. भातखाचरं आणि गोगलगायी जिथं, तिथं शेळ्यांच्या कलेजीत चपटे जंत सापडतात. कलेजीच्या नळ्या जाड, पांढरट होतात. काकानं कलेजी उजेडाला धरून, दाबून पाहिली. तेवढं ज्ञान इथं आहे. पण फोपशावर किंवा कलेजीवर पाण्यानं भरलेला फोड दिसला तर काय करतात, असं विचारलं तेव्हा उत्तर आलं, "काढतो नि कुत्र्याला टाकतो." नेमकं हेच करायचं नसतं. त्या फोडात फीतकृमीची पिल्लं असतात. ती कुत्र्याच्या पोटात वाढतात, त्यांची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून अंगणात, गवतावर पडतात आणि तिथून शेळीच्या, पोराबाळांच्याही पोटात जातात. असा फोड जाळावा नाहीतर खोल पुरावा. हे मी सांगितलं. काकानं ऐकून घेतलं. पुढच्या वेळी करील की नाही, कोण जाणे.

अन्नसुरक्षेच्या नियमांत दिवसाला दहापर्यंत लहान जनावरं कापणाऱ्याला नुसती नोंदणी पुरते, वर्षाला शंभर रुपयांत. पण ती धंदा करणाऱ्यासाठी. वर्षातून दोन-तीनदा शेजाऱ्यांत वाटे घालणारा माणूस स्वतःला धंदेवाला समजत नाही आणि नोंदणीला जाणार नाही. माझं मत विचाराल तर कागदाच्या आधी गावागावांत एक सिमेंटचा ओटा, नळ, टांगायला लोखंडी आकडे आणि घाण पुरायला खड्डा द्यावा. गटारीच्या आठवड्यात पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या माणसानं एक फेरी मारावी. कातड्याचाही प्रश्न त्यात सुटेल. पूर्वी ते मीठ लावून वाळवत, ढोलाला नाहीतर फिरत्या व्यापाऱ्याला जाई. आता भाव पडल्यानं न्यायला कुणी येत नाही, आणि आषाढात वाळतही नाही. या बोकडाचं कातडं फणसाखाली खड्डा करून पुरलं.

दुपारी पानं उचलली गेली तेव्हा मालकाच्या हातात सात वाट्यांचे पैसे आले होते, पाच हजार सहाशे. दोघांनी पैशांऐवजी त्याच्या खाचरात आवणीला यायचं कबूल केलं. एका वाट्याला किती दिवस, यावर थोडी घासाघीस झाली आणि दोनावर तुटली. एक वाटा काकाचा, कापण्याची मजुरी. उरलेले दोन उधारीवर गेले, भात झोडून झाल्यावर द्यायचे.