चालती मोटार बंद पडते तेव्हां

घोड नदीच्या काठीं वसलेल्या शिरूरहून न्हावऱ्यावरून भीमा ओलांडून दौंड जंक्शनाकडे जाणारा रस्ता तुमच्यापैकीं कित्येकांच्या परिचयाचा असेल. एका मे महिन्यांत, ऐन दुपारीं, आगगाडी गांठण्याच्या घाईंत असतांना आमची मोटार न्हावऱ्याच्या पुढें बंद पडली. मी किल्ली फिरवीत राहिलों. अखेर बॅटरी उतरली आणि आगगाडीहि गेली. एका गॅरेजवाल्यानें बॅटरी गेल्याचें सांगून नवी बसविली. आठ दिवसांनीं मोटार पुन्हां तशीच थांबली. या वेळीं दुसऱ्या मिस्त्रीनें हत्यार उचलण्यापूर्वीं विचारलें, "गुरुजी, आचके देत थांबली, कीं दिवा मालवावा तशी?" जन्मभर मुलांना 'आधीं प्रश्न नीट वाचा' असें बजावणाऱ्या मला तेव्हां कळलें, कीं मीं प्रश्न वाचलाच नव्हता.

प्रथम जिवाची काळजी. इंजिन थांबतांच स्टीअरिंगचें चाक जड होतें, आणि एकदोनदां ब्रेक दाबल्यावर तोहि जड लागतो. म्हणून वेग आहे तोंवर मोटार डाव्या कडेस घ्यावी. ब्रेक सारखा सोडूं-दाबूं नये. मोटार पुरती उभी राहीपर्यंत किल्ली काढूं नये, नाहींतर चाक अडकतें. मग धोक्याचे दिवे लावून, लाल त्रिकोण मागें बऱ्याच अंतरावर ठेवून, मंडळींना रस्त्यापासून दूर बसवावें. उसाच्या हंगामांत, ट्रॉल्यांची वर्दळ असतांना, ही दक्षता विशेष हवी.

आतां निदान. पेट्रोलच्या इंजिनास हवा, पेट्रोल आणि योग्य क्षणीं ठिणगी लागते. यांपैकीं काय तुटलें, हें मोटार थांबण्याच्या रीतीवरून बरेंच कळतें.

आचके देत, चढावर जोर मोडत थांबली, तर पेट्रोल पोहोंचत नसावें. किल्ली अर्धी फिरवून कान द्यावा. पुष्कळ मोटारींत मागच्या आसनाखालून पंपाची दोनेक सेकंद घरघर ऐकूं येते. ती नसेल तर आधीं फ्यूज व रिले पहावे. दिवे अगोदर मंद झाले आणि बॅटरीचा लाल दिवा लागला, तर आल्टरनेटर वीज भरीत नाहीं असें समजावें. अशा वेळीं नवी बॅटरीहि थोड्याच वेळांत उतरेल. उष्णतेचा कांटा चढला असेल, तर इंजिन निवेपर्यंत रेडिएटरचें झाकण उघडूं नये. उकळतें पाणी अंगावर उडतें.

स्टार्टर नेहमींपेक्षां हलका आणि भरभर फिरूं लागला, तर टायमिंग बेल्ट तुटल्याचा संभव असतो. मग पुन्हां किल्ली फिरवूं नये. कित्येक इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळून मोठें नुकसान होतें.

आमची मोटार मात्र दिव्यासारखी मालवली होती. क्रँकशाफ्ट कोणत्या स्थितींत आहे, हें यंत्राच्या संगणकास कळविणारा एक लहान सेन्सर असतो. त्याचा संदेश तुटला, कीं ठिणगी आणि पेट्रोल दोन्हीं एकदम बंद होतात. सदोष सेन्सर तापला म्हणजे मुका होतो, निवल्यावर पुन्हां बोलतो. म्हणून अर्ध्या तासानें मोटार निमूट चालूं होते आणि दोष लपून राहतो. बॅटरी उतरली होती ती माझ्या किल्ली फिरविण्यानें. तो परिणाम होता, कारण नव्हे.

यास्तव किल्ली एका वेळीं दहा सेकंदांहून अधिक फिरवूं नये. दोनतीन प्रयत्नांनंतर थांबावें. त्या अवकाशांत कागदावर टिपून ठेवावें: ऊन किती होतें, मोटार किती अंतर चालली होती, कशी थांबली, कोणते दिवे लागले, किती वेळानें चालूं झाली. हल्लींच्या मोटारींत दोषाचा सांकेतिक क्रमांक नोंदला जातो आणि मिस्त्री तो उपकरणानें वाचतो. परंतु तो क्रमांक दोषाची जागा सुचवितो, कोणता भाग बिघडला हें नेहमींच सांगत नाहीं. तें ठरविण्यास तुमची टिपणें उपयोगी पडतात. म्हणून मिस्त्रीकडे गेल्यावर 'अमुक भाग बदला' असें सांगूं नये; घडलेली हकीकत सांगावी.