भिंतीवर लिहिलेले दुःख

भिंतीवर रेघोट्या ओढल्या म्हणून मुलाच्या पाठीत धपाटा घातला नाही, अशी आई तुमच्यात कुणी आहे का? मला तरी भेटली नाही बाई! पण अशाच ओरखड्यांमुळे इंग्लंडमधल्या एका खेड्यातल्या चर्चचे नाव झाले आहे, हे सांगितले तर खरे वाटेल?

हर्टफर्डशर परगण्यातले ॲशवेल हे ते गाव. गाव लहानसे, पण तिथल्या सेंट मेरी चर्चचा मनोरा चांगला १७६ फूट उंच! चर्च बांधले चौदाव्या शतकात, त्या भागातल्याच पांढऱ्या दगडाने. त्याला तिकडे 'क्लंच' म्हणतात. आपल्या खडूच्याच जातीचा तो. घडवायला सोपा, दिसायला लख्ख. पण ऊनपाऊस काही त्याला सोसत नाही. मनोऱ्याला पुढे जागोजाग ठिगळे लावावी लागली. आतल्या भिंतींवर मात्र सुरीच्या टोकानेही अक्षर उमटते, आणि लिहिणाऱ्यांनी ती संधी सोडली नाही!

बांधकामाच्या त्या काळातच, १३४८ साली, इंग्लंडात प्लेग शिरला. देशातली निदान एक तृतीयांश माणसे दगावली. घरेच्या घरे ओस पडली. ॲशवेलमध्ये कुणीतरी मनोऱ्याच्या आतल्या भिंतीवर १३५० साल घालून लॅटिनमध्ये त्या भयंकर दिवसांबद्दल कोरले. साक्ष द्यायला आता गावात नुसता गाळ उरला आहे, अशा अर्थाचे ते शब्द आहेत. वाचलेल्यांत स्वतःलाही धरून त्याने 'गाळ' म्हणावे, हे वाचून जीव कळवळतो. लॅटिन येत होते, म्हणजे शिकलेला असणार. नाव मात्र त्याने लिहिले नाही.

त्याखालीच एका वादळाची नोंद आहे. साल घातले आहे १३६१, पण तेव्हा तिकडे नवे वर्ष मार्चअखेरीस सुरू होई. आपल्या हिशेबाने तो जानेवारी १३६२. याच वादळात नॉरिचच्या मोठ्या चर्चचा कळस कोसळला. ॲशवेलचा मनोरा उभा राहिला.

त्याच भिंतीवर एका भव्य चर्चचे चित्रही ओरखडले आहे. ते लंडनचे जुने सेंट पॉल असावे असे बहुतेक मानतात. ती इमारत १६६६ च्या आगीत गेली, म्हणून या रेघांचे मोल फार.

सगळेच काही रडगाणे नाही हं! खांबावर एकाने, कोपऱ्यांचे सांधे नीट बसलेले नाहीत, थू त्यावर, असे लिहून ठेवले आहे. घराला गिलावा करून घेताना आपणही मनात हेच म्हणतो की नाही? दुसऱ्याने तर चर्चच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याला सरळ गाढव ठरवले आहे!

लेकीकडे, मुलाकडे तिकडे जाणे झाले तर केंब्रिजहून हे गाव लांब नाही. जाताना बॅटरी बरोबर असू द्या. समोरून उजेड टाकला तर काही दिसत नाही. भिंतीलगत बाजूने तिरपा धरला की एकेक अक्षर वर येते.